मेंब्रेनची शटरं पुसताना आणि टाकताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. नव्या किचन ट्रॉल्यांच्या ऑर्डरी तोवर संपलेल्या असतात. येतात ते साफसफाईत किचनच्या कपाटाचं शटर, म्हणजे दार, बिघडवून बसलेल्यांचे फोन. "दादा, नुसतं पुसलं हो, आणि पापुद्राच सुटला." नुसतं पुसून पापुद्रा सुटत नाही. तीन प्रश्न विचारले की थिनर तरी बाहेर येतो, नाहीतर उकळतं पाणी.

आधी आपल्या घरात नेमकं काय आहे ते बघा. शटरवरचा रंग किंवा लाकडी रेघा कडेवरून तशाच वळल्या असतील, नक्षीच्या खाचेतही अखंड उतरल्या असतील आणि पाठ साधी पांढरी असेल, तर ते मेंब्रेन. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी, आणि वर कडक पीव्हीसी प्लास्टिकची फॉइल. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहून कमी. प्रेसमध्ये ही फॉइल गरम करून, हवा खेचून, गोंद लावलेल्या एमडीएफवर ताणून बसवतात. हा 'ताणून' शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. कडेला वेगळी पट्टी मारलेली असेल तर ते शटर बहुधा सनमायकाचं. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेला कागद. बरीच उष्णता सोसते. शेजारणीच्या सनमायकाला जे चाललं ते तुमच्या मेंब्रेनला चालेलच असं नाही.

थिनरपासून सुरू करतो, कारण या एका बाटलीने माझी जितकी शटरं खाल्ली तितकी वाळवीनेही खाल्ली नसतील. एका घरी लग्नाची गडबड होती, रंगकाम चाललेलं. मरून रंगाच्या ग्लॉसी शटरवर ऑइलपेंटचा एक थेंब उडाला, डाळीच्या दाण्याएवढा. घरातल्या मुलाने रंगाऱ्याकडून थिनर घेतला, फडक्यावर ओतला आणि घासलं. थेंब गेला. पण जागा जरा धुरकट दिसायला लागली, म्हणून त्याने आणखी घासलं. मग ती चिकट लागायला लागली, म्हणून निघालं का ते अंगठा दाबून बघितलं. तो अंगठ्याचा ठसा, रेघान्‌रेघ, अजून त्या शटरवर आहे. पीव्हीसी थिनरमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि नंतर कडक झालं तरी पूर्वीची चकाकी परत येत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. त्या मुलाला मी विचारलं, दोन दिवस थांबायला काय झालं होतं? वाळलेला थेंब नखाने उडाला असता.

माझी पद्धत अशी. वाळलेला रंग, मेण, सिमेंटचा शिंतोडा यांना जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी धरून हळूच ढकलायचं. ही कार्डं बहुतेक पीव्हीसीचीच असतात, त्यामुळे फॉइलवर ओरखडा उठायची भीती कमी. स्टिकरचा गोंद राहिला असेल तर बोटभर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं चहा प्यायला जायचं, मग भांड्यांच्या साबणाने पुसायचं.

शेगडीच्या आसपासचा चिकट, पिवळट थर हीच खरी कटकट, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. तापात कपाळावर ठेवतो तशी ओली पट्टी, हाच उपाय. कोमट पाण्यात चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, त्यात जुना सुती बनियन भिजवून घट्ट पिळायचा आणि डागावर दहा मिनिटं तसाच चिकटवून ठेवायचा. थर फुगतो, एका हाताने निघतो. खाचांना मऊ टूथब्रश, शेवटी कोरडं फडकं. हे कंटाळवाणं आहे, रील करण्यासारखं तर मुळीच नाही.

हिरवी घासणी, तारेची घासणी, भांड्यांची पावडर: नको. ग्लॉसीवर ओरखडे उठतात, मॅटवर चकाकणारे चट्टे. फ्लोअर धुतल्यासारखं शटरवर पाणी ओतू नका. खालच्या कडेला फॉइल जरा जरी उघडी असेल तर आतला एमडीएफ पाव भिजावा तसा फुगतो आणि तो पुन्हा बसत नाही. बाथरूमचं ॲसिड स्वयंपाकघरात आणूच नका. उन्हाने पिवळा पडलेला पांढरा रंग साफ होत नाही, तो डाग नव्हे. उगाच घासू नका. आणि नव्या शटरवरची पारदर्शक संरक्षक फिल्म पाहुण्यांना दाखवायला तीन वर्षं ठेवू नका. शेगडीच्या उष्णतेने तिचा गोंद असा बसतो की मग ती नखाएवढ्या तुकड्यांनी सोलावी लागते.

आता उष्णता. कडक पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, आणि खालचा गोंद बऱ्याचदा त्याच्याही आधी हात सोडतो. वरच्या कपाटाखाली कुकरची शिट्टी रोज एकाच जागी आदळत असेल, किंवा चहाची किटली तिथेच उकळत असेल, तर कोपरा सुटणारच. त्यात कुणीतरी स्टीम क्लीनर घेऊन येतं. आणि सुटलेल्या कोपऱ्यावर हेअर ड्रायर किंवा इस्त्री फिरवणारे हुशार तर वेगळेच. फॉइल ताणून बसवलेली असते हे वर सांगितलं. पुन्हा तापली की ती मूळ मापाला परत जायला बघते, आक्रसते, आणि मग ती कड कितीही ओढा, कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. कोपरा सुटला तर त्यावर मास्किंग टेप लावा, पाणी लांब ठेवा आणि ज्याने शटर बनवलं त्याला फोन करा. छोटी सुटका असेल तर गोंदाने बसते.

ही सगळी शटरं शेवटी काढावी लागतात, आणि तिथली चूक पैशांची नाही, जिवाची असते.

सांगलीकडच्या एका घरात आम्ही जुनं किचन काढून नवीन बसवलं. चौदा शटरं परसात रचून ठेवली. त्या घरच्या आजोबांना लाकूड फुकट जाणं पटत नव्हतं. त्यांनी करवतीने तुकडे केले आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे बंब पेटवला तो त्याच्यावर. मला सकाळी सातला फोन, "तुमच्या फर्निचरला काय लावलंय? घरात थांबवत नाही." गेलो तर सगळे अंगणात, डोळे लाल, धाकटा नातू खोकून बेजार, आणि तांब्याच्या बंबाच्या नळीच्या तोंडाशी हिरवट डाग. आजोबा म्हणाले, "लाकूडच तर आहे की रे ते."

ते लाकूड नव्हतं. पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग, साधारण 57 टक्के, क्लोरीन असतो. जळताना त्याचा हायड्रोजन क्लोराइड वायू होतो, आणि त्याला ओल मिळाली की हायड्रोक्लोरिक ॲसिड. फरशीचे डाग काढायला बाटलीतून आणतो तेच हे ॲसिड, फक्त इथे ते डोळ्यांच्या आणि घशाच्या ओलीत तयार होतं. अर्धवट जळताना डायॉक्सिनसारखी विषंही तयार होतात, ती तर दिसतही नाहीत. एमडीएफमधला गोंद फॉर्माल्डिहाइडचा, तो धूर वेगळा. बंब, चूल, शेकोटी, होळी, कुठेच नको. आणि उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंडाचा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश 2016 पासून आहे, हेही सांगून ठेवतो.

याच्या उलट्या टोकाचे लोकही भेटतात. हीट गनने फॉइल सोलून, पाण्याच्या बाटल्यांच्या पिशवीत भरून, रिसायकलिंगला दिलं म्हणून खूश. भावना चांगली, काम वाईट. बाटल्या 'पेट' नावाच्या प्लास्टिकच्या, ते वितळतं अडीचशे अंशांच्या आसपास, आणि तेवढ्या आचेला पीव्हीसी करपून ॲसिड सोडतं. थोडीशी फॉइल सगळा माल काळा करते. पाण्यात टाकून वेगळं करू म्हणाल, तर दोन्ही बुडतात. संरक्षक फिल्म मात्र बहुधा पॉलिथिनची असते, पाण्यावर तरंगते. ती स्वच्छ असेल तर सुक्या कचऱ्यात खुशाल द्या.

जुन्या शटरची फॉइल मी सोलत नाही. पॉलिश पेपरने घासायला कारागिरांनाही देत नाही. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं असू शकतात, ती धूळ नाकात कशाला? धड शटरं कापून कोरड्या जागी फळ्या करतो, माझ्या वर्कशॉपमधल्या खिळ्यांचा रॅक तसाच बनलाय. फुगलेली उरतात ती अख्खीच ठेवून महापालिकेच्या घंटागाडीवाल्याला आधी विचारतो, मोठं सामान कुठे आणि कोणत्या दिवशी घेतात ते. रात्री नाल्याकडेला टेकवून येत नाही.

त्याआधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं. ऑटो हिंज, हँडल, टेलिस्कोपिक चॅनल, स्टीलच्या ट्रॉल्या, सगळं वेगळं. भंगारवाला मागच्या महिन्यात आला, एक शटर हातात घेतलं, उलटं केलं, नखाने कड उचकटून बघितली आणि परत भिंतीला टेकवलं. "हे राहू दे. लोखंड घाला काट्यावर."