छोट्या वेबसाइटवर जाहिरातीची जागा विकायची, पण कधी आणि कशी

साइटवर जाहिराती कधी घ्यायच्या असं विचारलं की जो तो व्हिजिटरचा आकडा सांगतो, दहा हजार होऊ दे, पन्नास हजार होऊ दे मग बघ वगैरे. माझ्या मते जागा स्वतः विकायची असेल तर आधी हे बघायचं की तुमचा वाचक गिऱ्हाईक म्हणून नक्की कोणाला हवाय. असे पाच-सहा धंदेवाले नावानिशी सांगता आले की वेळ आली समजा, आणि नाही सांगता आले तर महिन्याला लाख लोक येऊनही विकायला काही नाही.

कोकणाचं उदाहरण घेऊ. समजा तुमची मालवण, दापोली, गुहागरला फिरायला जाणाऱ्यांसाठी साइट आहे, कुठला रस्ता बरा, कुठल्या बीचवर गर्दी कमी, मासे कुठे खायचे असलं सगळं, आणि महिन्याला आठ हजार लोक येतात. आकडा छोटाच आहे, पण त्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत कुठेतरी रूम बुक करणार आहेत आणि होमस्टेवाल्याला नेमकी तीच माणसं हवी असतात. जोक्स आणि सुविचारांच्या साइटवर याच्या दसपट लोक आले तरी त्यांना काय विकायचं हे कोणालाच सांगता येत नाही, तिथे मग अ‍ॅडसेन्सच बरं, म्हणजे गूगल आपोआप जाहिराती लावतं आणि त्याचे पैसे देतं ती सोय.

अ‍ॅडसेन्स वाईट आहे असं नाही, मराठी साइटला चालतं, पण 10 डॉलर झाल्यावर पत्ता खरा आहे का हे तपासायला घरी पोस्टाने पिन येणार आणि 100 डॉलर जमेपर्यंत पैसे हातात नाहीत, छोट्या साइटला तिथवर पोचायला चांगलाच वेळ लागतो. दोन्ही एकत्र ठेवलंत तरी हरकत नाही, फक्त एक करा, ज्याने तुम्हाला पैसे दिलेत त्याच्याच बाजूला मोठ्या बुकिंग पोर्टलची जाहिरात झळकत असेल तर त्याला राग येणारच, म्हणून अ‍ॅडसेन्सच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पोर्टलचा पत्ता ब्लॉक करून टाका.

आता जागा. दोन, फार तर तीन ठेवा. साइडबारमधली जागा विकू नका, कारण बहुतेक लोक मोबाइलवर बघतात आणि मोबाइलवर साइडबार घसरून पार तळाला जातो, तिथवर कोणी येत नाही. लेखाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पॅरानंतर 300 बाय 250 चा चौकोन आणि वर 320 बाय 100 ची पट्टी, एवढं पुरे. आणि पूर्ण साइट विकण्यापेक्षा पान विका. 'तारकर्लीत राहायचं कुठे' हे पान वाचणारा माणूस आणि मालवणी मसाल्याची रेसिपी वाचणारा माणूस यात फरक आहे, तारकर्लीच्या होमस्टेवाल्याला पहिल्या पानाचेच पैसे द्यावेसे वाटतील. पॉपअप आणि आपोआप आवाज करत सुरू होणारे व्हिडिओ कोणी कितीही पैसे देत असेल तरी नको, वाचक परत येत नाहीत.

रेट हा सगळ्यात अडणारा भाग. हजार व्ह्यूजला इतके असा हिशोब एजन्सीवाले करतात, गावच्या धंदेवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्या बाजूने मोजा. समजा रूम 2,500 रुपये, फॅमिली दोन रात्री राहिली म्हणजे 5,000, पोर्टलने 15 टक्के कापले तर त्याचे 750 गेले. तुमच्याकडून महिन्याला दोन डायरेक्ट बुकिंग आली तर त्याचे 1,500 वाचतात, मग महिना हजार रुपये मागायला काही संकोच नको. पण सुट्टा महिना विकू नका, तीन महिन्यांचं पॅकेज करा, कारण एका महिन्यात फोन नाही आला की माणूस लगेच म्हणतो काही उपयोग नाही. आणि किती बुकिंग येतील याचं वचन चुकूनही देऊ नका, जागेचे आणि दिवसांचे पैसे घ्यायचे, बुकिंगचे नाही.

विकायला जाण्याची वेळ पण बघा. दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी हा तिकडचा सीझन, म्हणजे बोलणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात तेव्हा स्कुबावाला पैसे काढणार नाही, आंबेवाल्याला मात्र पेट्या निघायच्या आधी गाठावं लागतं, एकदा तो बागेत आणि पॅकिंगमध्ये अडकला की फोन उचलत नाही. शनिवार-रविवारी कोणालाच फोन करू नका.

पहिला मेसेज छोटा ठेवा. 'नमस्कार काका, कोकणात फिरायला येणाऱ्यांसाठी माझी वेबसाइट आहे, तारकर्लीचं पान गेल्या महिन्यात 3,000 वेळा बघितलं गेलं, जास्त लोक पुणे-मुंबईचे आहेत. त्या पानावर तुमच्या होमस्टेची जाहिरात लावायची का? सोबत फोटो पाठवलाय, अशी दिसेल.' त्या फोटोत त्यांच्या होमस्टेची नमुना जाहिरात बसवलेलं पान दिसलं पाहिजे, याने निम्मं काम होतं. आकडे गूगल अ‍ॅनालिटिक्समधले (साइटवर किती लोक आले हे मोजणारं गूगलचं टूल) खरेच द्या, तीन महिन्यांचे, आणि 'हिट्स' वगैरे फुगवलेले शब्द नकोत.

जाहिरात बहुतेक वेळा तुम्हालाच बनवावी लागते, कारण समोरून व्हिजिटिंग कार्डाचा तिरका फोटो येतो आणि त्यावर चौदा ओळी असतात. एक फोटो, एक ओळ, एक नंबर, आणि फाइल 100 केबीच्या आत. क्लिक केल्यावर थेट त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप उघडू दे आणि त्यात 'तुमची जाहिरात साइटवर बघितली, रूम आहे का?' असा मेसेज आधीच टाइप केलेला असू दे, ही खरी युक्ती आहे. गिऱ्हाईक कुठून आलं हे काकांना स्वतःच्या फोनवर दिसतं, तुम्हाला ग्राफ समजावत बसावं लागत नाही.

वर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड टॅग (rel="sponsored") लावा, पैसे घेऊन दिलेली साधी लिंक गूगलला चालत नाही, 2019 पासून त्यासाठी हा वेगळा टॅगच आहे. सेकंड होमवाला बिल्डर आला तर जाहिरातीत महारेराचा (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर आणि क्यूआर कोड आहे का बघा, ऑगस्ट 2023 पासून क्यूआर पण सक्तीचा आहे. हापूसला 2018 मध्ये जीआय टॅग (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येतं असं मानांकन) मिळालाय, त्यामुळे कुठलाही आंबा हापूस म्हणून विकणाऱ्यापासून लांब राहा. आणि साइट जरा वर आली की परदेशी नावाने ईमेल येतात, लेख आम्हीच देतो फक्त आत एक लिंक ठेवा, आणि ती लिंक निघते बेटिंगची. पैसे चांगले देतात, तरी नाही म्हणा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात करण्यावर 2025 च्या कायद्याने बंदी आहे.

पैसे आधी, यूपीआयवर, आणि साधं का होईना बिल द्या, त्यात जागा, पान, तारीख पासून-पर्यंत सगळं. सगळं मिळून वर्षाची उलाढाल 20 लाखाच्या आत असेल तर अशा कामाला साधारणपणे जीएसटी नंबर लागत नाही आणि नंबर नसताना बिलात जीएसटी लावायचाही नसतो. मोठी कंपनी टीडीएस कापेल, तो रिटर्नमध्ये दाखवा.

मुदत संपायच्या आठ-दहा दिवस आधी किती वेळा दिसली, किती क्लिक आले याचा स्क्रीनशॉट पाठवून पुढचं विचारा. नको म्हणाले तर ठरलेल्या दिवशी जाहिरात उतरवा, ओळखीखातर तशीच ठेवलीत तर शेजारचा होमस्टेवाला पैसे कशाला देईल. रिकामी जागा तोवर स्वतःच्याच एखाद्या लेखाने भरा.