नव्या शिक्षकांनो, पालकसभेची वेळ आधी तपासा

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नवी मुंबईत नेमणूक मिळाली की पहिलं वर्ष खोलीचं भाडं आणि ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी यातच जातं. प्राथमिक शाळेत शिक्षणसेवकाचं मानधन महिन्याला 16,000 रुपये, तेही तीन वर्षं तेवढंच. त्यात शाळा आपली वाटायची कधी? परभणी सोडल्याची माझी हुरहूर अजून गेलेली नाही. तरी लिहितेय, कारण मुलांना आणि पालकांनाही शाळा आपोआप आपली वाटत नसते.

दिघा, रबाळे, तुर्भे, एमआयडीसीच्या पट्ट्यातली कुठलीही शाळा घ्या. शनिवारी सकाळी पालकसभा असते आणि बोटांवर मोजण्याइतके पालक येतात. स्टाफरूममध्ये वाक्य तयारच असतं, ‘या लोकांना मुलांचं काही पडलेलं नाही.’ सगळा घोळ इथे होतो. नव्या माणसाला हे अनुभवाचे बोल वाटतात. मलाही वाटले होते.

जरा वेळेचा हिशोब मांडून बघा. नाक्यावर उभं राहणाऱ्याचं काम सकाळीच ठरतं. त्या वेळी तो शाळेत बसला तर दिवसाची मजुरी गेली. कंपनीत पहिली पाळी सातची. कंत्राटी कामगाराला तासाभराची सूट कोण देणार, सरळ खाडा लागतो. घरकामाला जाणाऱ्या बायका सकाळी सोसायट्यांमध्ये असतात. संध्याकाळी बोलवावं, तर अनेक वस्त्यांत पाण्याची तीच वेळ. पालक येत नाहीत यात अनास्था किती आणि आपण ठरवलेली वेळ किती, हे तपासल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका.

मला हे दाखवलं ते खिचडी वाढणाऱ्या मावशींनी. त्या त्याच वस्तीतल्या. त्यांच्याबरोबर एका विद्यार्थ्याच्या घरी गेले, तर त्याची आई नळाला पाइप लावून हंडे भरत होती. मला बघताच म्हणाली, ‘मॅडम, काय केलं त्यानं?’ शाळेतून निरोप येतो तो तक्रारीचाच, हे तिला पाठ होतं. मी म्हटलं, ‘काही नाही केलं. काल वर्गात गोष्ट छान सांगितली, तेच सांगायला आले.’ तिनं पाइप हंड्यातच सोडला आणि पोराला हाक मारली, ‘कुठली गोष्ट रे? मला पण सांग.’ हंडा भरून वाहत होता, तरी ती ऐकत उभी होती. पुढच्या सभेला ती आली आणि शेजारणीलाही घेऊन आली.

म्हणून पालकांशी पहिलं बोलणं तक्रारीचं नको. हे जमतं, घाबरू नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र माझा विश्वास नाही. सूचना टाकली, निळ्या खुणा आल्या, म्हणजे संवाद झाला असं नसतं. बऱ्याच घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर. मार्गदर्शक निवडतानाही सांभाळा. ‘इथे असंच चालतं’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा सेविका मावशी आणि शिपाई मामांना विचारा. कुठलं मूल कुणाकडे राहतं, कोण उपाशी येतं, हे त्यांना ठाऊक असतं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. त्यांच्या सह्या होतात. त्या बोलतात का, ते बघा. बैठकीत पहिला प्रश्न त्यांनाच विचारा.

आणि वर्षाच्या मध्येच आलेलं मूल. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 मध्ये आहे. ‘दाखला येईपर्यंत बसू दे मागे नुसतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मुख्याध्यापकांशी बोलून नाव लगेच पटावर घ्या, दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना ते मोठ्यानं पुकारा आणि परिपाठात दिनविशेष सांगायचं काम त्याच्याकडे द्या. भाषा अडत असेल तर घंटा द्यायला सांगा. बाकीची मुलं मधल्या सुट्टीत त्याला खेळायला ओढून नेतात, तिथे तुमची गरजही लागत नाही.