काउंटरपाशी उभं असताना फोनचं काय करायचं

औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायला लागून मला १९ वर्षं झाली. त्यामुळे सांगते ते औषधांच्या दुकानातलं असलं, तरी कपड्याच्या, किराण्याच्या किंवा तिकिटांच्या खिडकीपाशीही ते जवळजवळ तसंच लागू होतं.

एकदा एक काका फोनवर बोलत बोलतच आले आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे सरकवली. मी विचारलं, "किती स्ट्रिप देऊ?" ते म्हणाले, "दोन. दोन पुरे." मी दहा-दहा गोळ्यांच्या दोन स्ट्रिप दिल्या, त्यांनी पैसे दिले, पिशवी उचलली आणि बोलतच गेले. महिन्याभराने प्रवासाहून परतल्यावर त्यांनी सांगितलं, की गोळ्या वाटेतच संपल्या. त्यांना दीड महिन्याच्या हव्या होत्या. ते "दोन" फोनवरच्या माणसासाठी होतं, खुर्च्यांबद्दल.

तेव्हापासून माझा आग्रह एकच आहे: काउंटरपाशी पोचण्याआधी फोन संपवा. दारातच सांगा, "मी दुकानात आलोय, पाच मिनिटांत करतो." समोरचा माणूस रागावत नाही. रांगेत असाल तर तुमच्या पुढे एक जण उरला, की बोलणं आवरायला घ्या. माझ्यासमोर आल्यावर "ठेवू का? बरं, ठेवतो हं, आणि ऐक ना" असं सुरू झालं, की ते लवकर संपत नाही.

मधेच फोन वाजला तर? बहुतेक फोनवर बाजूचं बटण एकदा दाबलं, की फक्त आवाज बंद होतो, फोन कट होत नाही. तेवढं करा आणि आपलं काम पुरं करा. "थोड्या वेळाने करतो" असा तयार निरोप एका टिचकीत पाठवायची सोयही बहुतेक फोनमध्ये असते. ती घरी बसून एकदा शोधून ठेवा.

काही फोन मात्र घ्यावेच लागतात. घरात कुणी आजारी आहे, मूल शाळेत आहे, डॉक्टर उलट फोन करणार आहेत. औषधांच्या दुकानात तर अशी माणसं रोज येतात. त्यांनी आल्या आल्या सांगावं, "माझा एक फोन येणार आहे, घ्यावा लागेल." मग फोन आला, की मला काही खुपत नाही. फक्त बाजूला व्हा आणि मागच्याला पुढे येऊ द्या. तुमची चिठ्ठी आणि काढलेली औषधं मी वेगळी ठेवते. परत आलात की तिथूनच पुढे सुरू करू. मला बोट दाखवून थांबवू नका. ते बोट वर गेलं, की माझ्यासकट अख्खी रांग थांबते.

आता गोळ्या देतानाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चूक झाली तर ती घरी जाते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. त्यासाठी ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ते देताना मी वार विचारते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घेते.

एक ताई आल्या होत्या, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून. मी म्हटलं, "आठवड्यातून एकदाच हं." त्यांनी मान हलवली. मला कळेना, ती मान कुणासाठी होती. मी पाकिटावर तळहात ठेवला आणि थांबले. त्या चिडल्या, पाकीट ओढायला लागल्या. मी हात काढला नाही. शेवटी त्यांनी फोन खाली घेतला आणि म्हणाल्या, "काय झालं?" मी विचारलं, "कुठल्या वारी घेणार?" त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "रोज नाही का?" पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत "फक्त सोमवारी" लिहिलं, तेव्हा त्यांनी फोन पर्समध्ये टाकला होता.

कानातल्या बिनतारी इअरफोनचंही तसंच. गाणं बंद केलंय हे तुम्हाला माहीत असतं, मला दिसत नाही. मग मी मोठ्याने बोलते आणि तुमचा आजार मागच्या चौघांना कळतो. दोन्ही काढून मुठीत धरा. एकच काढणं म्हणजे अर्धवट.

मागे उभ्या असलेल्यांनाही याचा त्रास होतो, आणि त्यामागे कारण आहे. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवरच्या बोलण्याची एकच बाजू कानावर पडत असताना लोकांचं हातातल्या कामातलं लक्ष ढळलं. दोन्ही बाजू ऐकू येत होत्या तेव्हा तसं झालं नाही. न ऐकू येणारी बाजू मन आपसूक जुळवायला बघतं. मीही तेव्हा गोळ्या मोजत असते.

फोनशिवाय दुकानात चालतच नाही अशी कामं आता बरीच आहेत. चिठ्ठीचा फोटो दाखवायचा असेल तर तो घरून निघतानाच वेगळा काढून ठेवा. शेकडो फोटो माझ्यासमोर सरकवत बसू नका. फोटोत अख्खा कागद यायला हवा: डॉक्टरांचं नाव, तारीख, मागची बाजू. रिकाम्या स्ट्रिपचा फोटो काढत असाल तर नाव आणि आकडा दोन्ही वाचता येऊ द्या. एकाच नावाची गोळी २५० मिलिग्रॅमची असते तशी ५०० ची असते, आणि कापलेल्या स्ट्रिपवर नेमका तोच भाग गेलेला असतो. फोन काउंटरवर माझ्याकडे तोंड करून ठेवा. हवेत धरलेला फोन हलतो, आणि बारीक अक्षर वाचताना माझा अंदाज चालणार नाही.

फोनवरून पैसे देणार असाल तर बिल होत असतानाच ॲप उघडून ठेवा. आम्ही तुमच्या पडद्यावरचा कोड वाचणार असू तर उजेड पूर्ण वाढवा. तुम्ही आमचा कोड वाचणार असाल तर पिन टाकण्याआधी दुकानाचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचून दाखवा. शून्य जास्त पडलेलं तिथेच सापडतं. पैसे अडकले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, आमच्याकडे पोचल्याचं कळेपर्यंत थांबा.

घरच्यांना व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवायची असेल तर खुशाल दाखवा, आधी विचारा मात्र. कॅमेरा वस्तूवर असू द्या. माझ्या चेहऱ्यावर नको, आणि शेजारी उभ्या माणसाच्या हातातल्या औषधावर तर मुळीच नको. तो काय घेतोय ते त्याच्या घरीही ठाऊक नसेल. स्पीकर लावून आजाराबद्दल बोलू नका, स्वतःच्याही नाही.

२०१३ साली ब्रिटनमध्ये एका सुपरमार्केटच्या कॅशियरने फोनवर बोलणाऱ्या बाईंच्या सामानाचं बिल फोन ठेवेपर्यंत करायला नकार दिला. कंपनीने बाईंची माफी मागितली, आणि बऱ्याच लोकांनी कॅशियरची बाजू घेतली. मी नकार देत नाही. "तुमचं झालं की सांगा" असं म्हणते आणि पुढच्याला घेते. आमच्या बाजूनेही नियम हवाच: गिऱ्हाईक समोर असताना माझा फोन गल्ल्याखालच्या खणात असतो. मी पडद्याकडे बघत औषध दिलं, तर तुम्हाला हे सांगायचा मला काय हक्क?

आणि ज्यांना फोन लागतोच, त्यांनी तो मोकळेपणाने वापरावा. ऐकू न येणारा एक तरुण आमच्याकडे येतो. तो फोनवर प्रश्न टाइप करतो आणि फोन माझ्याकडे वळवतो. मी त्याच फोनवर उत्तर लिहून परत देते. कुणाला घाई नसते. मागच्या वेळी सगळं झाल्यावर त्याने औषधं कशी घ्यायची ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि तपासायला माझ्यापुढे धरलं. चार ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत "जेवणानंतर" होतं, तिथे मी "जेवणाआधी" केलं आणि फोन त्याच्या हातात दिला.