हिब्रू नावांचे अर्थ सांगताना या चुका टाळा

मोबाइलवर नाव टाकायचं, पहिला अर्थ उचलायचा आणि बारशाच्या पत्रिकेत छापायचा. ही घाई बघून आता राग येतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते शमुवेल हे नाव. ठाण्यात ओळखीच्या ख्रिस्ती घरी बाळाचं नाव शमुवेल ठरलं आणि पत्रिकेचा मजकूर मी लिहिला: ‘शमुवेल म्हणजे देवाकडे मागितलेला’. बायबलमधल्या १ शमुवेल १:२० मध्ये शमुवेलची आई हन्ना स्वतः तसं म्हणते, म्हणून मी शब्दकोश उघडलाच नाही. पत्रिका वाटून झाल्या. बारशाला शेजारचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू समाजातले, आजोबा आले होते. त्यांनी मला जवळ बसवलं, पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं शिन, आलेफ, लामेद अशी तीन हिब्रू अक्षरं काढली आणि म्हणाले, “मागणं ते हे. यात शमुवेलमधला मेम, म्हणजे ‘म’, कुठाय? मागितलेला म्हणजे शौल, बाळा. ते राजाचं नाव.”

मान खाली गेली माझी. शमुवेलचा अर्थ ‘देवाचं नाव’ किंवा ‘त्याचं नाव देव’ असा लावतात. हन्ना चुकत नाही, ती नादाशी नाद जुळवते. अठ्ठाविसाव्या वचनात तर तिच्या तोंडी ‘शाऊल’, म्हणजे आजोबांचा शौल, हाच शब्द आहे. पण आईनं बाळाकडे बघून केलेली जुळणी म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने असतात: कथा काय सांगते आणि धातू काय सांगतो. इसहाकला दोन्हीकडे ‘तो हसतो’ येतं. मोशेला नाही: निर्गम २:१० मध्ये ‘पाण्यातून काढला’, तर अनेक अभ्यासक ते नाव ‘जन्मलेला’ या अर्थाच्या मिसरी शब्दाशी जोडतात, थुटमोस या मिसरी राजाच्या नावात आहे तोच.

आजोबांनीच सांगितलं, त्यांच्या समाजात शमुवेलचा सामाजी झाला. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल दिवेकर.

दुसरी खोड नवशिक्यांची. ‘एल म्हणजे देव’ एवढं कळलं की दिसेल त्या नावात देव काढायचा. याच कथेतला याजक एली घ्या. वधस्तंभावरच्या येशूच्या ‘एली, एली’ या हाकेमध्ये ‘माझ्या देवा’ आहे, म्हणून याजकालाही तोच अर्थ चिकटवतात. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. हिब्रूत मात्र ‘माझा देव’ आलेफ या अक्षरानं सुरू होतो आणि याजकाचं नाव अयिन या वेगळ्या अक्षरानं. ते ‘वर जाणं’ या धातूशी जोडतात. मराठी लेखनात आलेफ-अयिनचा फरक उरत नाही, म्हणून मूळ अक्षरं पाहिल्याशिवाय मी अर्थ सांगत नाही, समोरचा कितीही घाईत असला तरी.

एस्तेर आणि मर्दखय ही नावं हिब्रू धातूंत शोधू नका. थोमा आणि मार्था हीसुद्धा नकोत, ती अरामी आहेत.

आणि मीखाएलचा अर्थ ‘देवासारखा’ असा कृपा करून लिहू नका. ते नाव प्रश्न आहे: ‘देवासारखा कोण?’ प्रश्नचिन्ह गाळलं की अर्थ उलटा होतो.