गाडीच्या डॅशबोर्डवरचं डिजिटल मीटर बंद पडलं? नवीन टाकायच्या आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीटर काळं झालं की मीटरच गेलं असं धरून चालणं. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीत रोज सकाळी सेल्फ मारला की स्क्रीन काळी, मग एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग सगळे दिवे एकदम लागायचे आणि दोन सेकंदांनी सगळं जागेवर, जणू काही झालंच नाही. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, मीटर बदला.

घरी मल्टिमीटर होता म्हणून वाचलो. गाडी बंद असताना बॅटरी 12.5 व्होल्ट, सेल्फ मारताना 10.8, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंट्यावर (त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही हं, इथेच लोक चुकतात) आणि लाल पिन बॉडीवर धरून भावाला सेल्फ मारायला लावला तर सरळ 2 व्होल्ट दिसले, खरं तर 0.2 च्या वर जायलाच नको. म्हणजे मीटरला पोचत होते जेमतेम 8.8, बिचारं रिसेट होणारच ना. क्लॅम्प काढला तर आतून पांढरी पावडर, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतलं, पॉलिश पेपर मारला, घट्ट आवळलं, विषय संपला. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी, एवढं लक्षात ठेवा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नका. मीटरला बऱ्याच गाड्यांत दोन सप्लाय असतात, एक कायमचा आणि एक चावी फिरवल्यावरचा, त्यामुळे चावी ऑन करून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही बारीक टिकल्यांवर व्होल्टेज बघा. आणि 10 अँपिअरचा सारखा उडतोय म्हणून 20 चा ठोकायचा नाही, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

स्क्रीन चालू आहे पण स्पीड, आरपीएम सगळं शून्य, असं असेल तर प्रश्न बहुतेक कॅन लाइनचा, म्हणजे गाडीतली मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांचा. तिथे बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, मॉड्यूल उडू शकतं. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात तो) 6 आणि 14 नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स बघा, साधारण 60 ओहम यायला हवा, 120 आला तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा वायर तुटलीय, शून्याजवळ असेल तर दोन्ही वायर कुठेतरी चिकटल्यात. मधे गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाइन यांच्यामधलं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे आकडे असेच येतील असं नाही, तिथे वायरिंग डायग्राम लागतोच. आणि हो, उंदीर. पावसाळ्यात डॅशबोर्डच्या खाली एकदा टॉर्च मारून बघाच, शिवाय बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा रिव्हर्स कॅमेरा कुठल्या वायरला टॅप मारून जोडलाय तेही.

स्कॅनरवर यू0155 हा फॉल्ट कोड आला की लोक लगेच नवीन मीटर मागवतात. अरे, त्या कोडचा अर्थ एवढाच की दुसऱ्या मॉड्यूलला मीटरचं काही ऐकू येत नाहीये, ते सप्लाय नसल्यानेही होतं, अर्थिंग नसल्यानेही.

भंगारातलं जुनं मीटर स्वस्तात आणून बसवायचा मोह तर टाळाच, त्यात त्या गाडीचे किलोमीटर असतात आणि काही गाड्यांत इमोबिलायझरही (ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) मीटरमध्येच असतो, म्हणजे मीटर मस्त उजळतं आणि गाडी सुरूच होत नाही.