पोलंडच्या जंगलात पॅराथिएटर करायला निघालेल्यांसाठी

एकांकिका, प्रायोगिक नाटक करणारी मुलंमुली अधूनमधून विचारतात की ग्रोटोव्स्कीच्या परंपरेतल्या एखाद्या गटात काम करायला पोलंडला जायचंय, तर तयारी काय करू? ग्रोटोव्स्की म्हणजे पोलंडचा प्रायोगिक नाट्यदिग्दर्शक, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. त्याची जी नाटकं आपण पुस्तकांतल्या फोटोंत बघतो, ते काम १९७० च्या आसपास त्याने मागे सोडलं. नंतर जे सुरू झालं ते पॅराथिएटर. त्यात प्रेक्षक नाही, भूमिका नाही, शेवटी प्रयोगही नाही. व्रोत्स्वाफ शहरापासून थोड्या अंतरावर ब्झेझिंका इथल्या जंगलात, एका जुन्या शेतघरात माणसं दिवसचे दिवस एकत्र राहायची, धावायची, गायची, रात्र जागवायची. १९८१ च्या डिसेंबरमध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा आला, पुढच्याच वर्षी ग्रोटोव्स्कीने देश सोडला. आज त्या भागात आणि युरोपात इतरत्र जे छोटे गट हे काम करतात, ते त्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांतलं थोडं थोडं घेऊन आपापली वाट काढतात. मी गेलो तोही असाच एक गट. त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही.

अभिनय सुधारेल म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. कदाचित सुधारेलही, पण त्या हिशेबाने गेलात तर तिसऱ्याच दिवशी ‘यातून मला मिळतंय काय’ हा प्रश्न डोक्यात बसेल आणि मग पाय उचलणार नाहीत.

दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगतो. सकाळी मोशन्स. गुडघे किंचित वाकवून, नजर कुठेही न रोखता समोरचं सगळं पसरट दिसेल अशी ठेवून उभं राहायचं. मग चारही दिशांना आणि वर-खाली, अतिशय संथपणे ताण घ्यायचे. सगळ्यांनी एकाच वेळी, कुणीही इशारा न देता. बघायला काहीच वाटत नाही, करताना मांड्या थरथरतात. त्यानंतर कॉर्पोरल्स, म्हणजे डोक्यावर, खांद्यावर, हातांवर तोल सांभाळत एका स्थितीतून दुसरीत जाणं. मग प्लास्टिक्स, त्यात एकेक सांधा सुटा करून हलवायचा. दुपारनंतर जंगलात धावणं आणि अंधार पडल्यावर पुन्हा धावणं, टॉर्चशिवाय. रात्री गोल करून गाणं, चालणं, कधी ढोल. दिवसभर बोलणं जवळपास बंद. फोटो नाहीत, वही नाही.

अंधारातल्या धावण्याची धास्ती घेऊ नका. नजर पसरट ठेवली की पाय स्वतःच मुळं-खड्डे ओळखायला शिकतात, आणि पुढच्या माणसाच्या श्वासाचा आवाज पुरतो. पडलात तर पडलात. मीही पडलो, सगळेच पडतात.

आता मुख्य गोष्ट. जो सापळा मला लागला, तो आपल्याकडून गेलेल्या प्रत्येकाला लागणार आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

या कामात थकवा मुद्दाम वापरतात. विचार असा की माणूस जाम दमला की त्याचं सभ्य, सांभाळून वागणारं रूप गळून पडतं आणि खालचं काहीतरी मोकळं होतं. ग्रोटोव्स्कीचा सगळा भर कौशल्यं गोळा करण्यावर नव्हता, अडथळे काढण्यावर होता. तिथवर बरोबर आहे. पण दमलेलं शरीर दर वेळी मोकळं होत नाही. बऱ्याचदा ते हाताशी असलेली सर्वांत जुनी सवय उचलतं, आणि ती सवय इतकी आतली असते की आपल्याला वाटतं, हेच ते खरं.

माझ्या बाबतीत ती सवय पावली होती. लहानपणी आजोबांबरोबर दिंडीत चाललेलो, टाळ हातात घेतलेला. रात्री उशिरा, ढोल चालू असताना, सगळे गोलात फिरत होते. पायांत त्राण नव्हतं आणि अचानक पाय पावलीवर गेले. मग तोंडून विठ्ठलाचं नाव आलं. डोळे मिटले. गट माझ्यामागून यायला लागला. मला रडू आलं आणि मनात आलं की हे सापडलं, यासाठीच इतक्या लांब आलो.

दुसऱ्या दिवशी गटातले काही जण माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. भारतातून आलेला, याच्या रक्तातच विधी आहे, अशी ती नजर. खूप गोड वाटतं हो ते! त्या रात्री पुन्हा तेच झालं, या वेळी लवकर. तिसऱ्या रात्री दमण्याचीही गरज उरली नाही. तेव्हा गटाची वडीलधारी बाई, जी रोज आमच्याबरोबर धावायची, तिने मला बाजूला घेऊन एकच विचारलं: तुझ्या शेजारी कोण होतं? मला सांगता येईना.

तिथे मला कळलं. डोळे मिटले होते, ताल ठरलेला होता, पुढचं पाऊल कुठे पडणार ते पायांना आधीच ठाऊक होतं. मी त्या खोलीत नव्हतोच. वारीतली पावली खोटी नाही, ती माझ्या घरची आहे आणि मला प्राणाहून प्रिय आहे. पण तिच्याभोवती रस्ता असतो, अभंग असतो, पुढेमागे चालणारी माणसं असतात, पंढरपूर असतं. हे सगळं वगळून ती पोलंडच्या कोठारात आणली की तो फक्त वेश उरतो. आणि तो वेश तिथल्या लोकांना आवडतो, हीच खरी अडचण. तुम्ही गोंधळ पाहिलेला असेल, भरतनाट्यम शिकला असाल, घरात कुणाच्या अंगात येताना पाहिलं असेल, तर तुमच्याकडूनही हेच मागितलं जाईल. कुणी तोंडाने मागणार नाही. नजरेने मागतील. देऊ नका.

ग्रोटोव्स्की स्वतः यातून गेला होता. सुरुवातीच्या काळात त्याने नटांकडून योगासनं करून घेतली आणि लक्षात आलं की त्यातली एकाग्रता माणसाला आत ओढून घेते, समोरच्याशी असलेला संबंध तोडते. मग त्याने काही स्थिती ठेवल्या, पण त्यांचं वळण बदलून टाकलं. शरीर कुठल्या तरी जोडीदाराशी बोलतंय, असं. विशेष म्हणजे या माणसाला भारताची ओढ आयुष्यभर होती. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थी तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरावर विसर्जित झाल्या. तरीही कामाच्या खोलीत त्याने आयता भारत चालवून घेतला नाही.

मग ओळखायचं कसं? मी हे वापरतो: समोरून कुणी गेलं तर माझं पाऊल बदलतं का? शेजाऱ्याचा वेग कमी झाला ते मला कळलं का? आत्ता थांबायचं ठरवलं तर थांबता येईल का? उत्तर नाही आलं तर डोळे उघडा, गुडघे वाकवा, नजर पसरा आणि नुसतं चाला. खूप रितं वाटेल, लाज वाटेल. बाकीचे रंगलेले असताना आपण कोरडे उरलो असं वाटेल. राहा तसेच. माझे पुढचे कित्येक दिवस असेच कोरडे गेले आणि आजही ढोल सुरू झाला की पावलं तिकडे वळतात, त्यांना परत आणावं लागतं. पण त्या कोरडेपणातच एकदा अंधारात धावताना पुढच्या माणसाच्या पावलाबरोबर माझं पाऊल आपोआप बदललं. त्यात रडणंबिडणं काही नव्हतं. ते मात्र मी अजून विसरलेलो नाही.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. जो तुमच्याबरोबर घाम गाळतो त्याच्यापाशी जा. जो खुर्चीत बसून ‘आणखी, आणखी’ म्हणतो त्याला सोडा, त्याने कुणाही थोराबरोबर काम केलेलं असो. नाही म्हणायची मुभा आहे का, दुखलं तर बाहेर बसता येतं का, स्पर्शाबद्दल आधी विचारतात का, हे पत्र लिहून विचारा. मुलींनी तर विचाराच. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. आणि तीन दिवसांत ‘रिच्युअल बॉडी’ देणाऱ्या शहरी कार्यशाळांवर पैसे घालवू नका. तिथे नेमका तो वेशच शिकवतात. नशेने लवकर मोकळं होता येतं असं सांगणाराही कुणीतरी भेटेल. त्याच्यापासून लांब राहा.

तयारी म्हणाल तर पुण्यातल्यांनी वेताळ टेकडी गाठावी. सपाट ट्रॅकवर धावून उपयोग नाही, खडबडीत उतारावर हळू धावा, निदान तीन महिने आधीपासून. उतरताना गुडघे लॉक करू नका. मल्लखांब केलेल्यांना कॉर्पोरल्स सोपे जातात, पण ते मोशन्समध्ये कंटाळतात, असं मी पाहिलंय. गुडघ्याचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्जही करू नका, यात हिरोगिरी नको.

शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्र लवकर मागवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना शारीरिक प्रशिक्षणात झालेली दुखापत धरली आहे का, ते वाचून घ्या. सुती कपड्यांचे जास्त जोड न्या, ओले कपडे तिथल्या थंडीत वाळत नाहीत. तिथल्या जंगलात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग किंवा मेंदूज्वर होऊ शकतो. गोचिडामुळे होणाऱ्या या मेंदूज्वरावर लस आहे, लाइमवर तशी सोय नाही. रोज रात्री कितीही दमलेले असा, गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांत तपासा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका. चावल्यावर काही दिवसांनी लाल चकती पसरताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि परत आल्यावर दिसली तर इथल्या डॉक्टरांना जंगलात राहून आल्याचं आवर्जून सांगा, कारण ते आपणहून विचारणार नाहीत.