आई-वडिलांचं ग्रीन कार्ड: नाशिकमध्ये आधी काय उरकायचं

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाचा विषय घरात निघतोच. फॉर्म तिकडे भरले जातात, पण प्रकरण अडतं ते इकडे: जन्माची नोंद सापडत नाही, लग्न नोंदवलेलंच नसतं, आईचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असतं. म्हणून आधी नाशिकमधले कागद हातात घ्या आणि मगच तिकडे अर्जाची फी भरा. या एका क्रमाने कित्येक महिने वाचतात.

आधी पात्रता. आई-वडिलांसाठी अर्ज करणारं अपत्य अमेरिकेचं नागरिक हवं आणि त्याचं वय किमान २१ वर्षं हवं. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही, फक्त जोडीदार आणि अविवाहित मुलांसाठी करता येतो. नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, त्यामुळे रांग नाही, फक्त प्रक्रियेचा वेळ. भावंडांचं मात्र तसं नाही. त्या वर्गात भारतीयांची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे करावे लागतात, आणि त्यांच्या अर्जावर धाकट्या भावाला किंवा बहिणीला सोबत नेता येत नाही. सावत्र आई किंवा वडिलांसाठीही अर्ज होतो, पण ते लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी झालेलं असावं लागतं.

दोन जन्मदाखले

लागतात दोन्ही पिढ्यांचे. मुलाचा दाखला नातं सिद्ध करतो, आई-वडिलांचा दाखला त्यांची स्वतःची ओळख.

मुलाचा दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून नव्याने काढा. पूर्वी मिळालेल्या जुन्या हस्तलिखित प्रतीवर अवलंबून राहू नका. हातात पडल्यावर चार गोष्टी तिथेच तपासा: मुलाचं नाव लिहिलेलं आहे की रकाना कोराच आहे, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. जुन्या नोंदींत बाळाचं बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, त्यामुळे नावाचा रकाना रिकामा राहतो. अशा वेळी नाव समाविष्ट करून घेण्याचा अर्ज त्याच कार्यालयात करावा लागतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांचे ओळखीचे पुरावे लागतात. जन्म निफाड, सिन्नर किंवा दिंडोरीतल्या गावात झाला असेल तर नोंद ग्रामपंचायतीकडे. तिथे ग्रामसेवकांना भेटायला जाताना जन्माचं वर्ष, त्या वेळचा पत्ता आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहून न्या, म्हणजे रजिस्टर चाळायला सोपं जातं.

आई-वडिलांचा दाखला जास्त अवघड. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमलात आला १ एप्रिल १९७० पासून. आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसाच्या जन्माची नोंद मिळेलच असं नाही. तरी शोध घ्या. गावचा जन्म असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघायला मिळतो. कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही रजिस्टरं आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहेत. खूप जुनी पानं मोडीत असतात, तिथे मोडी वाचणारा सोबत हवा.

शोधूनही नोंद मिळाली नाही तर त्याच कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. त्यावर नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि ‘नोंद आढळली नाही’ हे स्पष्ट असावं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं जोडा. प्रतिज्ञापत्र करणारी व्यक्ती जन्माच्या वेळी हयात आणि जाणती असायला हवी: मोठी बहीण, काका, मावशी. सत्तर वर्षांच्या वडिलांसाठी पासष्ट वर्षांच्या शेजाऱ्याने केलेलं प्रतिज्ञापत्र निरुपयोगी. मजकुरात जन्माची तारीख, ठिकाण, आई-वडिलांची दोघांची नावं, लिहिणाऱ्याचं नातं आणि ही माहिती त्याला कशी आहे, एवढं सगळं यायला हवं. वडीलधारी माणसं थकलेली असतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

घाईने उशिराची नवी जन्मनोंदणी करून घ्यायचा मोह टाळा. महाराष्ट्रात २०२५ पासून त्याचे नियम बरेच कडक झाले आहेत, आणि गेल्या वर्षी काढलेला दाखला बघून व्हिसा अधिकारी जुना पुरावा मागतोच. खरा, जुना शाळेचा दाखला जास्त वजनदार ठरतो.

आता एक जूनचा प्रश्न. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून तारीख लिहून टाकली, अशी एक अख्खी पिढी आहे. पासपोर्टवर तीच तारीख असेल आणि गावच्या रजिस्टरात खरी वेगळी निघाली, तर ती नोंद लपवायची नाही. पासपोर्टवरची तारीख सगळ्या फॉर्मवर तशीच ठेवा, आणि फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात सरळ सांगा. दोन फॉर्मवर दोन तारखा हा खरा धोका आहे.

नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून कागद आणि पेन घेऊन एक तक्ता करा. डावीकडे कागदपत्रांची यादी, उजवीकडे त्यावर नाव अक्षरशः जसं छापलंय तसं. आईच्या बाबतीत हे हमखास दिसतं: शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव आधारवर, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर रुग्णालयात कुणीतरी सांगितलेलं घरचं नाव. वडिलांच्या बाबतीत ‘विठ्ठल’ आणि ‘विठ्ठलराव’, आजीच्या बाबतीत ‘यमुना’ आणि ‘यमुनाबाई’. काही घरांत आडनावच दोन, दाखल्यावर मूळ आडनाव आणि व्यवहारात ‘पाटील’.

राव-बाईचा फरक एका प्रतिज्ञापत्राने भागतो: ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून, सोबत दोन्ही नावं जोडणारा एखादा जुना कागद लावायचा. पेन्शनचं पुस्तक, सातबारा, जुनं रेशनकार्ड, काहीही चालतं. लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल तर लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं येतील हे बघा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पूर्णच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, महापालिकेकडून दुरुस्ती करून घ्या. नातं सिद्ध करणारा मूळ कागद तोच आहे. पुरावा फारच कमकुवत वाटला तर दूतावास डीएनए चाचणी सुचवतो. त्यात गैर काही नाही, पण खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

लग्नाचा दाखला वडिलांच्या अर्जासाठी लागतोच, आणि नाव बदललेलं असल्यास आईच्याही. चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न आजही महापालिकेकडे नोंदवता येतं. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि विधी करणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी हयात नसतील तर तशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. आधीचा घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू असेल तर त्याचे कागदही जोडा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत द्यायचं. भाषांतरकाराने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून नाव, सही, तारीख आणि पत्ता द्यावा. शेऱ्याचा रकाना, गोल शिक्का, मागच्या बाजूचा मजकूर, काहीच गाळायचं नाही. चांगला भाषांतरकार कागदावर चुकीचं असलेलं नाव स्वतःहून सुधारत नाही. त्याला तसं सुधारायला सांगूही नका.

तिकडचा अर्ज आणि पैशाची बाजू

हे हातात आल्यावर मुलगा आय-१३० हा नातं सिद्ध करणारा अर्ज भरतो, प्रत्येक पालकासाठी एक. ऑनलाइन फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाची ६७५. सोबत त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, त्याचा जन्मदाखला, आई-वडिलांचा लग्नाचा दाखला. निकालाला साधारण वर्ष ते दीड वर्ष धरा, कधी त्याहून जास्त. मंजुरीनंतर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणारं अमेरिकी कार्यालय) जातं आणि प्रत्येकी ३२५ डॉलर व्हिसा फी, १२० डॉलर आर्थिक हमीची फी भरावी लागते. व्हिसा मिळाल्यावर आणखी २३५ डॉलर. म्हणजे ऑनलाइन अर्ज केल्यास एका पालकामागे १,३०५ आणि दोघांचे २,६१० डॉलर. वैद्यकीय तपासणी, भाषांतरं आणि प्रवास वेगळे.

आर्थिक हमीचा फॉर्म आय-८६४. मुलाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं, आणि कुटुंबाच्या डोक्यांत येणारे आई-वडीलही मोजायचे. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आई-वडील असे सहा जण असतील तर २०२५ च्या तक्त्याप्रमाणे सुमारे ५३,९०० डॉलर. तक्ता दरवर्षी बदलतो, सही करायच्या दिवशीचा बघा. कमी पडत असेल तर तिकडे राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. मालमत्तेतून भरून काढायचं तर तुटीच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. मुलगा सध्या पुण्यात किंवा नाशिकात राहून काम करत असेल तर इथे अडकतो, कारण हमीदाराचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं किंवा आई-वडिलांबरोबर तिथे परत स्थायिक होत असल्याचे ठोस पुरावे द्यावे लागतात. ही हमी कायदेशीर करार आहे. आई-वडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावे सुमारे दहा वर्षांच्या कामाचे ४० तिमाही हिशेब जमेपर्यंत ती टिकते. सही करण्याआधी सुनेला किंवा जावयाला हे नीट सांगा, पैसा त्या घरातून जाणार असतो.

डीएस-२६० आणि पोलिस दाखला

डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतात. ओझरला नोकरी, मग नाशिकरोडला बदली, मग सिडकोत स्वतःचं घर, हे सगळं वर्षांसकट आधीच वहीत लिहून ठेवा. आधी टुरिस्ट व्हिसा काढला असेल तर तेव्हाच्या डीएस-१६० या अर्जाची प्रत शोधा. एजंटने त्या वेळी काहीबाही भरलेलं असतं आणि दोन फॉर्मांतली तफावत मुलाखतीत समोर येते. सगळी अपत्यं लिहा, लग्न झालेली, वेगळी राहणारी, हयात नसलेलीसुद्धा.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये. अर्ज करताना व्हिसाच्या कामासाठी अमेरिका असं निवडा. पत्ता शहरातला असेल तर पडताळणी आयुक्तालयाच्या हद्दीतलं ठाणं करतं, तालुक्यातला असेल तर ग्रामीण पोलिस. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहायला इंदिरानगरला, असं असेल तर आधी तो सरळ करून घेणं बरं. वडील आखातात वर्षभराहून जास्त राहिले असतील तर त्या देशाचाही पोलिस दाखला लागतो, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ जातो.

तपासणी आणि मुलाखत

दोन्ही मुंबईत. वैद्यकीय तपासणी दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. नेहमीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. मुलाखतीचं पत्र आल्यावरच वेळ घ्या. छातीचा एक्स-रे काढतात, वयानुसार रक्त तपासतात आणि लसी देतात. कोविडची लस मार्च २०२५ पासून सक्तीची राहिलेली नाही. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर उपचारांचे कागद आणि जुने एक्स-रे नक्की न्या. एक्स-रेत डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरच्या निकालाला आठ आठवडे लागू शकतात. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गोळ्यांची यादी जवळ ठेवा.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. सकाळची वेळ असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने त्याच दिवशी निघून ती गाठता येत नाही, आणि पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा धरू नये. आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जा. मोबाइल आत नेता येत नाही. मूळ कागद आणि प्रती वेगवेगळ्या फाइलींत लावा, नॅशनल व्हिसा सेंटरकडे ऑनलाइन अपलोड केलेल्या क्रमाने.

प्रश्न साधे असतात: मुलगा कुठे राहतो, काय करतो, तुम्ही आधी किती वेळा गेलात, कधी परत आलात. मराठीतून उत्तर द्यायची सोय असेल तर निःसंकोच घ्या. तुटक इंग्रजीत चुकीची तारीख सांगण्यापेक्षा ते चांगलं. २२१-जी असं लिहिलेली चिठ्ठी मिळाली तर बहुतेक वेळा एखादा कागद कमी आहे एवढाच अर्थ असतो. तेवढाच कागद सांगितल्याप्रमाणे पाठवायचा.

एक गोष्ट करू नका: टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज करायचं आधीपासून ठरवून निघणं. उद्देश लपवून प्रवेश घेतल्याचा ठपका बसला तर पुढचे सगळे रस्ते बंद होऊ शकतात.

निघण्याआधी घरात बोलायचं ते

ग्रीन कार्ड हा राहण्याचा परवाना आहे, येण्याजाण्याचा पास नाही. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना चौकशी होते, वर्षाहून जास्त राहिलं तर कार्डावर प्रवेशच मिळत नाही. लांबचा मुक्काम ठरला असेल तर अमेरिकेत असतानाच आय-१३१ भरून री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, ते सहसा दोन वर्षांचं असतं. वर्षातले आठ महिने नाशिकमध्येच काढायची इच्छा असलेल्या आई-बाबांना टुरिस्ट व्हिसाच सोयीचा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पहिल्या पाच वर्षांत मिळत नाही, तोवर आरोग्य विम्याचा खर्च मुलाच्या डोक्यावर असतो. आणि कार्ड मिळालं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करविवरणात दाखवावं लागतं: इथलं पेन्शन, बँकेतल्या ठेवींचं व्याज, गंगापूर रोडच्या फ्लॅटचं भाडं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहिती द्यावी लागते. तिकडे कायम राहायला गेल्यावर इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या खात्यांमध्ये बदलून घ्यायची असतात. दिंडोरीची द्राक्षबाग किंवा गावची जमीन आहे ती तशीच ठेवता येते, पण अनिवासी झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. वाटणीचे, खरेदीखताचे किंवा सातबाऱ्यावर वारसांची नावं लावण्याचे व्यवहार रखडलेले असतील तर ते तिकिटं काढण्याआधी तलाठी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात उरकून घ्या.